व्हॉल्व्ह फोनो प्रीअँप: डावा चॅनेल फाटतो, उजवा बोजड, दोन्हीकडे घरघर

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

हाताने बांधलेला एक जुना व्हॉल्व्ह (निर्वात नळीचा) फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा, दुरुस्तीला घेतला आहे. वर नाव नाही, सोबत सर्किटचा कागद नाही. पत्र्याची चॅसिस, आत हायलमचा टॅगबोर्ड (भाग जोडायची पट्टी), आणि व्हॉल्व्ह तीन: दोन ईसीसी८३ आणि एक ईसीसी८२. वायरी शोधत गेल्यावर रचना अशी निघाली: पहिल्या ईसीसी८३ चे दोन अर्धे म्हणजे डाव्या-उजव्या चॅनेलची पहिली स्टेज. तिच्या प्लेटवरून (वाढलेला सिग्नल निघतो ते टोक) ०.२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, पुढे १८० के (किलोओहम), मग आरआयएएचे (तबकडी कापताना बदललेला सुरांचा तोल सरळ करणाऱ्या प्रमाणाचे) कंडेन्सर आणि १ मेगची (मेगओहम) ग्रिड लीक, म्हणजे ग्रिडवरून (सिग्नल घेणारं टोक) चॅसिसला जाणारा रेझिस्टन्स. त्यानंतर दुसरा ईसीसी८३, आणि त्याच्या प्लेटवरून मध्ये कंडेन्सर न घालता थेट ईसीसी८२ चा कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता फक्त आउटपुट जोरकस करणारी स्टेज). ईसीसी८३ च्या प्रत्येक प्लेटला १०० के, कॅथोडला १.५ के. पहिल्या स्टेजच्या कॅथोडवर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कंडेन्सर आहे, दुसऱ्यावर नाही. फिलामेंट १२.६ व्होल्ट एसीवर, एक टोक सरळ चॅसिसला जोडलेलं.

तक्रारी तीन. डावा चॅनेल आवाज चढला की फाटतो आणि उजव्यापेक्षा थोडा दबलेला आहे. उजवा साफ आहे, पण बोजड वाटतो. झांज, टाळ मागे जातात आणि गाणाऱ्याचा आवाज पुढे येतो. घरघर दोन्हीकडे आहे आणि पावसाळी हवेत वाढते.

हाताशी डिजिटल मीटर, सोल्डरिंग आयर्न, लॅपटॉप आणि साधं यूएसबी साउंडकार्ड आहे. सगळे कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह एकदमच बदलून टाकावेत का? की हे सोडून नवीनच बांधावं?

तीनहातनाका

नवीन बांधायची गरज दिसत नाही. तुम्ही लिहिलेली रचना चांगली आहे. आणि सगळं एकदम बदलू नका. दहा भाग बदलल्यावर दोष गेला तर तो कशामुळे होता ते कळत नाही, आणि गेला नाही तर नव्या डागांपैकी (सोल्डरच्या जोडांपैकी) एखादा कच्चा आहे का हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. आधी व्होल्टेज घ्या.

त्याआधी सुरक्षेचं. या सर्किटमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी आहे आणि बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. १० के, ५ वॉटच्या रेझिस्टन्सला दोन्ही बाजूंनी क्रोकोडाइल क्लिप लावून घ्या. मेन्सचा प्लग काढल्यावर प्रत्येक फिल्टर कंडेन्सरवर तो काही सेकंद धरायचा आणि मग मीटरने शून्य आलं का ते बघायचं. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, कंडेन्सरची आतली जोडणी तुटते. पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर २२० के, २ वॉट कायमचा लावून टाका. तरी साठा उतरायला तीन-चार मिनिटं लागतात, तेव्हा मीटरने खात्री करायचीच. चालू सर्किटमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप चॅसिसला अडकवा आणि एकाच हाताने काम करा.

बरेच दिवस बंद असेल तर पहिल्यांदा सिरीज लॅम्पमधून (मेन्सच्या वाटेत लावलेल्या बल्बमधून) चालू करा. या यंत्राला १५ वॉटच्या आसपास लागतात, म्हणून ४० वॉटचा साधा फिलामेंट बल्ब पुरे; एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत राहिला तर लगेच बंद करा: ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर किंवा पहिला फिल्टर कंडेन्सर गेलेला आहे. डिमरस्टॅट (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर तासाभरात हळूहळू चढवा, जुने इलेक्ट्रोलिटिक त्याने सावरतात.

मग ही व्होल्टेज लिहून पाठवा: प्रत्येक फिल्टर कंडेन्सरवर, आणि प्रत्येक ईसीसी८३ च्या १ आणि ६ (प्लेट), २ आणि ७ (ग्रिड), ३ आणि ८ (कॅथोड) या पिनांवर. ईसीसी८२ च्या पिनाही त्याच क्रमाने आहेत. डेटाशीटप्रमाणे २५० व्होल्ट एचटी (व्हॉल्व्हना लागणारा वरचा डीसी पुरवठा), १०० के प्लेट आणि १.५ के कॅथोडला ईसीसी८३ साधारण ०.८६ मिलिअँप घेतो, म्हणजे प्लेटवर १६४ आणि कॅथोडवर १.३ व्होल्ट. कॅथोडच्या व्होल्टेजला १.५ के ने भागून एक करंट येतो, प्लेटच्या ड्रॉपला १०० के ने भागून दुसरा. दोन्ही जुळले नाहीत तर त्या दोन रेझिस्टन्सपैकी एक भरकटला आहे.

खाडीकाठ (ऐरोली)

धन्यवाद. सिरीज लॅम्प लगेच मंदावला. आकडे असे:

फिल्टर कंडेन्सर चार, सगळे ४७ मायक्रोफॅरड. क्रमाने ३१८, २८१, २४३, २३५ व्होल्ट. मधले रेझिस्टन्स ३.३ के, १० के, ४.७ के. २८१ वरून ईसीसी८२, २४३ वरून दुसरी स्टेज, २३५ वरून पहिली.

पहिली स्टेज: डावीकडे प्लेट १५३, कॅथोड १.२, उजवीकडे प्लेट १५५, कॅथोड १.२. दोन्ही ग्रिड शून्य.

दुसरी स्टेज, उजवी: प्लेट १५९, कॅथोड १.२६, ग्रिड शून्य. दुसरी स्टेज, डावी: प्लेट ११२, कॅथोड १.९६, ग्रिडवर १.४ व्होल्ट पॉझिटिव्ह.

ईसीसी८२ चे कॅथोड: उजवा १६७, डावा ११८.

डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह गेला असावा का?

कोलशेत_४७के

व्हॉल्व्हवर लगेच ठपका ठेवू नका. तुमच्या आकड्यांत उत्तर जवळजवळ आलेलंच आहे: त्या ग्रिडवर डीसी असायलाच नको.

हिशेब बघा. तुमच्या मीटरचा इनपुट बहुधा १० मेगचा आहे. तो १ मेगच्या ग्रिड लीकला समांतर आला की ०.९१ मेग होतात. त्यावर १.४ व्होल्ट म्हणजे दीड मायक्रोअँप. हा करंट ०.२२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून येत असेल तर त्याच्या अलीकडे १५३ व्होल्ट आहेत, म्हणजे कंडेन्सरची गळती सुमारे १०० मेगओहम. साध्या मीटरवर हा कंडेन्सर ठणठणीत दिसेल, कारण मीटर बहुधा ४० किंवा ६० मेगच्या वर दाखवत नाही आणि तपासतो एक-दोन व्होल्टवर. ईसीसी८३ ला मात्र १.४ व्होल्ट म्हणजे अख्खा बायस (ग्रिड कॅथोडपेक्षा जेवढी खाली ठेवायची तो फरक) आहे.

फाटण्याचं कारणही त्यातच आहे. ग्रिड १.४ आणि कॅथोड १.९६, म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा जेमतेम अर्धा व्होल्ट खाली. सिग्नलचा शिखरभाग आला की ग्रिड स्वतःच करंट ओढायला लागते. तिच्यामागे १८० के चा रेझिस्टन्स असल्यामुळे शिखरं तिथेच चेपली जातात. पातळी दबलेली वाटते तीही यामुळेच.

तरी डीसी तीन ठिकाणांहून येऊ शकतो: कंडेन्सर, ओल धरलेला टॅगबोर्ड, किंवा खुद्द व्हॉल्व्ह (आत गॅस झाला की ग्रिड करंट उलटा वाहतो). वेगळं करायची रीत अशी.

बंद करून साठा उतरवा. दुसरा ईसीसी८३ काढा आणि ईसीसी८२ सुद्धा काढा. हे विसरू नका. नुसता ईसीसी८३ काढला तर त्याची प्लेट पूर्ण एचटीवर जाते, फॉलोअरची ग्रिड तिला थेट जोडलेली असल्यामुळे तीही जाते, आणि कॅथोड तिच्यामागे २५० च्या वर चढतो. ईसीसी८२ च्या फिलामेंट आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टची मर्यादा आहे. फिलामेंट समांतर असल्यामुळे बाकीच्यांना त्रास नाही.

आता चालू करून सॉकेटच्या ग्रिड पिनवर मोजा. डीसी गेला तर दोष व्हॉल्व्हचा. राहिला तर पुन्हा बंद करा, ०.२२ चे १८० के कडचे टोक उचला आणि परत मोजा. आता शून्य आलं तर कंडेन्सर गळतोय. तरीही थोडा डीसी राहिला तर बोर्ड.

पावसाळ्यात घरघर वाढते म्हणता, त्यामुळे बोर्ड धुऊनच घ्या. हायलम कडेने ओल पितो, आणि जुन्या फ्लक्सवर बसलेली धूळ खाडीकडच्या दमट, खारट हवेत चक्क वाहक होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, दोनदा. दुसऱ्यांदा स्वच्छ अल्कोहोलने, नाहीतर घाण फक्त पसरते. मग टेबल लॅम्पच्या उबेत रात्रभर सुकू द्या. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये हिरवा गंज दिसला आणि सॉकेट तपकिरी फिनॉलिकचं असेल तर सिरॅमिक नोव्हल (नऊ पिनांचं) सॉकेट बसवा.

नवा कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरड, ४०० किंवा ६३० व्होल्ट, पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही चॅनेलचे बदला. उजवा त्याच वयाचा आहे.

आणखी एक. ईसीसी८२ च्या ग्रिड आणि कॅथोडमध्ये छोटा निऑन दिवा आहे का बघा. थेट जोडणीत, व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत ग्रिडवर पूर्ण एचटी असतो आणि कॅथोड शून्यावर. निऑन तेवढ्यापुरता पेटून फरक आटोक्यात ठेवतो आणि नंतर विझतो. नसेल तर सॉकेटवरच डाग देऊन लावा.

नौपाडा_आरआयएए

उजव्या चॅनेलबद्दल. आधी इनपुटच्या पिना डाव्या-उजव्या अदलाबदल करून ऐका. बोजडपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष कार्ट्रिज (सुईच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग), हेडशेलच्या (कार्ट्रिज बसते त्या टोकाच्या) वायरी किंवा केबलचा. जागेवर राहिला तर प्रीअँप.

प्रीअँपचा असेल तर बहुतेक आरआयएए मधला एखादा रेझिस्टन्स चढला आहे. जुने कार्बन कंपोझिशनचे रेझिस्टन्स दमट हवेत वरच जातात. कुठला चढला की काय ऐकू येतं हे समजून घेतलं तर नेमका भाग सापडतो.

आरआयएए चे तीन टाइम कॉन्स्टंट (सुरांचा उतार कुठे वळतो ते ठरवणारे आकडे) १९५४ पासून ठरलेले आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. तुमच्या सर्किटसारख्या पॅसिव्ह रचनेत चार भाग असतात. आर-१ सिरीजमध्ये, त्यानंतर चॅसिसकडे आर-२ आणि सी-१ एकामागे एक, आणि त्या जोडीला समांतर सी-२. त्यांचे संबंध असे: आर-१ गुणिले सी-१ बरोबर २१८७ मायक्रोसेकंद, आर-१ गुणिले सी-२ बरोबर ७५०, आर-२ गुणिले सी-१ बरोबर ३१८.

यातला आर-१ म्हणजे नुसता १८० के नव्हे. इथे फार जण चुकतात. पहिल्या स्टेजचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स त्यात मिळवायचा: प्लेटचा १०० के आणि व्हॉल्व्हचा आतला सुमारे ६५ के समांतर, म्हणजे ३९ के. एकूण २१९ के. आणि पुढची १ मेगची ग्रिड लीक याला समांतर येते, म्हणून खरा आर-१ पुन्हा १८० के च्या जवळ येतो. (१८० के लावून १८० के च येतात हा केवळ या आकड्यांचा योग आहे, नियम नाही.) त्यावरून सी-१ निघतो १२.१५ नॅनोफॅरड, सी-२ ४.१७ नॅनोफॅरड आणि आर-२ सुमारे २६.१ के. सी-२ मधून दुसऱ्या स्टेजची इनपुट कपॅसिटी वजा करायची. तिथे कॅथोड बायपास नसल्यामुळे गेन ३० च्या आसपास आहे, प्लेट-ग्रिड कपॅसिटी १.६ पिकोफॅरड, तेव्हा वायरिंगसकट ७० पिकोफॅरड धरा. म्हणजे लावायचे ४.१ नॅनोफॅरड: ३.९ नॅनो आणि २२० पिको समांतर. सी-१ साठी १० नॅनो आणि २.२ नॅनो. सगळे १ टक्क्याचे पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. सिरॅमिक डिस्क इथे नको.

आता लक्षणं. आर-१ चढला तर १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ दोन्ही सारखेच उतरतात; ५० हर्ट्झच्या खालचं मात्र जागेवर राहतं. म्हणजे चॅनेल एकूण मंद आणि खालचा सूर जड. आर-२ चढला तर वेगळं होतं: २६.१ के चा ३२ के झाला की १ किलोहर्ट्झ जवळजवळ १ डेसिबलने वर येतो आणि १० किलोहर्ट्झ जागेवर राहतो. गाणारा पुढे आणि झांज मागे, तुम्ही लिहिलंत तेच. आर-२ मोजायला डाग काढायचीही गरज नाही. त्याच्यामागे सी-१ असल्यामुळे डीसीला दुसरी वाट नाही. एचटी उतरवून बोर्डवरच मोजा आणि आकडा स्थिरावू द्या.

बदलल्यावर कानाने ठरवू नका, मोजा. साउंडकार्डच्या आउटपुटला १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर करा आणि १०० ओहमवरून प्रीअँपला द्या. ०.५ व्होल्टचे ५ मिलिव्होल्ट होतात. आउटपुट परत साउंडकार्डच्या लाइन इनपुटला. मल्टिमीटरचा एसी रेंज वापरू नका, बहुतेक मीटर १ किलोहर्ट्झच्या पुढे खोटं बोलतात. १ किलोहर्ट्झ शून्य धरून यायला हवं: २० हर्ट्झला अधिक १९.३, ५० ला अधिक १७, १०० ला अधिक १३.१, ५०० ला अधिक २.६, ५ किलोहर्ट्झला उणे ८.२, १० ला उणे १३.७, २० ला उणे १९.६ डेसिबल. दोन्ही चॅनेल या आकड्यांच्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणि एकमेकांच्या पाव डेसिबलच्या आत आले की बास.

दोन खबरदाऱ्या. तुमचा गेन १ किलोहर्ट्झला ४४ डेसिबलच्या घरात आहे, म्हणजे ५ मिलिव्होल्टचे ०.८ व्होल्ट, २० हर्ट्झला तेच ७ व्होल्ट होतील आणि साउंडकार्ड कापेल. खाली जाताना सिग्नल कमी करत जा. दुसरं, काही साउंडकार्डांचा इनपुट १० के च असतो. प्रीअँपच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरड असेल तर या जोडीने २० हर्ट्झला २ डेसिबल आपोआप जातात, त्याचं खापर आरआयएए वर फोडू नका. आणि जोडणी व्हॉल्व्ह गरम झाल्यावर, चालू केल्यापासून एक-दोन मिनिटांनी करा. सुरुवातीला आउटपुटवर मोठा धक्का येतो.

पॉलिस्टायरीनचे कंडेन्सर सोल्डरच्या उष्णतेने वितळतात. डाग देताना पाय आणि कंडेन्सरच्या मध्ये चिमटा धरा, डाग दोन सेकंदांत आटपा. मूळचे पॉलिस्टायरीन असतील आणि मापात असतील तर काढूच नका. त्यांच्याइतके टिकाऊ भाग या डब्यात दुसरे नाहीत.

वागळे_वाइंडिंग

घरघरीचं बघू. आधी इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा, म्हणजे आरसीए पिनच्या आतला कंडक्टर बाहेरच्याला जोडलेला. घरघर गेली तर दोष टर्नटेबल, केबल किंवा ग्राउंडचा. राहिली तर डब्यातला. मग सूर ओळखा: जाड, गुळगुळीत ५० हर्ट्झ की चरचरीत १०० हर्ट्झ. लॅपटॉपवर स्पेक्ट्रम बघितला की वाद उरत नाही.

१०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायर आणि फिल्टर. तुमच्या सप्लायचा हिशेब चांगला आहे: पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर साधारण २ व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लहर), ३.३ के नंतर २० मिलिव्होल्ट, १० के नंतर ७० मायक्रोव्होल्ट, ४.७ के नंतर अर्धा मायक्रोव्होल्ट. तेव्हा १०० हर्ट्झ ऐकू येत असेल तर एखादा इलेक्ट्रोलिटिक सुकला आहे. तीस वर्षांहून जुने असतील तर चारही बदला: ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे.

माझा अंदाज मात्र ५० हर्ट्झचा. आरआयएए ५० हर्ट्झला १७ डेसिबल उचलतो, आणि तुमच्या पहिल्या व्हॉल्व्हचं फिलामेंट एसीवर आहे, तेही एक टोक चॅसिसला. त्यात ईसीसी८२ चा कॅथोड १६७ व्होल्टवर, म्हणजे १८० च्या मर्यादेला टेकलेला. डावा चॅनेल दुरुस्त झाला की तोही तिथेच जाईल.

पक्का उपाय म्हणजे फिलामेंटला डीसी. तीन व्हॉल्व्हचे १५० प्रमाणे ४५० मिलिअँप. ७८१२ रेग्युलेटर, त्याच्या कॉमन पायात १एन४००७ एक सरळ, म्हणजे १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. हे सध्याच्या १२.६ व्होल्टच्या वाइंडिंगवरून करू नका. रेक्टिफाय करून रिपलसकट १५ व्होल्ट उरतात, रेग्युलेटरला किमान १४.७ लागतात, आणि संध्याकाळी महावितरणचं व्होल्टेज २१० वर उतरलं की रेग्युलेटर सुटतो आणि घरघर परत येते. वेगळा १५ व्होल्ट, १.५ अँपचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, मग ७८१२. रेग्युलेटरवर ३ वॉट जळतात, हीटसिंक लागेल.

फिलामेंटचं उणे टोक आता चॅसिसला जोडायचं नाही, डीसीने वर उचलायचं. २८१ व्होल्टवरून २२० के आणि ६८ के चा डिव्हायडर चॅसिसपर्यंत करा, मधल्या बिंदूवर ६६ व्होल्ट मिळतात. तिथे १० मायक्रोफॅरड १०० व्होल्ट लावा आणि फिलामेंटचं उणे टोक त्या बिंदूला. ईसीसी८२ चा फरक १०० वर येतो आणि ईसीसी८३ ची फिलामेंटकडून कॅथोडकडे होणारी गळतीही दबते. एवढं केल्यावर ७८१२ चा धातूचा टॅब त्याच ६६ व्होल्टच्या आसपास तरंगतो, म्हणून मायका वॉशर आणि स्क्रूला नायलॉनचा बुश लावायचाच. नुसता चॅसिसला आवळला तर ६८ के शॉर्ट होतो आणि उचललेलं सगळं खाली येतं.

ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढता आला तर उत्तम: वेगळी पेटी, मीटरभर केबल. पहिला व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर एकाच पत्र्यावर असतील तर निदान ट्रान्सफॉर्मर फिरवून बघा, ९० अंशांत फरक पडतो. वाइंडिंग करून घेणार असाल तर प्रायमरी २४० व्होल्टची मागा आणि प्रायमरी-सेकंडरीमध्ये कॉपर फॉइलचा शील्ड अर्थला आणलेला मागा. वागळे इस्टेटमध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर सांगितलं की करून देतात, फक्त शील्डचे पट्टे एकमेकांना टेकून बंद वेटोळं होऊ नये हे आधी बजावून सांगा.

ग्राउंडचं थोडक्यात. आरसीए सॉकेट चॅसिसपासून फायबर वॉशरने वेगळी. प्रत्येक स्टेजचे ग्राउंड त्या स्टेजच्या फिल्टर कंडेन्सरच्या उणे टोकाला, ते कंडेन्सर एका जाड तारेवर रांगेत, आणि चॅसिसला जोड एकच, इनपुटजवळ. टर्नटेबलची हिरवी किंवा काळी वायर त्याच स्क्रूला. थ्री पिनचं अर्थिंग चॅसिसला पक्कं हवं. घरघर जाते म्हणून अर्थची पिन काढणं जिवावर बेतू शकतं.

खाडीकाठ (ऐरोली)

सगळं तसंच करत गेलो. ईसीसी८३ आणि ईसीसी८२ काढल्यावरही ग्रिडवर डीसी होता, कंडेन्सरचं टोक उचलल्यावर शून्य झाला. म्हणजे ०.२२ च गळत होता. नवे लावल्यावर डावी प्लेट १६० वर आली, फाटणं गेलं. उजवा आर-२ बोर्डवर ३१.८ के निघाला, २६.१ के चा १ टक्का मेटल फिल्म बसवला, आता दोन्ही चॅनेल ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ ०.२ डेसिबलच्या आत. फिलामेंट डीसीवर नेल्यावर शॉर्टिंग प्लग लावून घरघर ऐकू येत नाही.

दोन प्रश्न राहिले. उजवीकडे बारीक सरसर आहे आणि डब्याला बोट लागलं की टण्ण वाजतं. आणि नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या आहेत, त्या यावर चालतील का?

कोलशेत_४७के

टण्ण म्हणजे मायक्रोफोनिक व्हॉल्व्ह, धक्का लागला की वाजणारा. पेन्सिलच्या रबराने एकेकावर हलकं टकटक करा. बहुतेक पहिला असेल, कारण त्याच्यापुढे सगळा गेन आहे. दोन ईसीसी८३ ची अदलाबदल करा. दुसऱ्या जागी थोडी सरसर आणि टणटण खपते. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने ईसीसी८३ पिनांवर गंज नसेल तर चांगले चालतात, फेकू नका. नवे घ्यायचे तर जेजेचा ईसीसी८३एस किंवा सोव्हटेकचा १२एएक्स७एलपीएस. ५७५१ ही थेट बसतो, त्याचा गेन थोडा कमी, आवाज शांत. पण आर-१ चा हिशेब परत करावा लागेल. रशियन ६एन२पी मात्र चुकूनही घालू नका. दिसायला तसाच, पण त्याचं फिलामेंट पिन ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचं आणि पिन ९ वर आतला शील्ड. तुमचे १२.६ व्होल्ट त्याला जाळून टाकतील.

सरसर व्हॉल्व्ह बदलूनही राहिली तर पहिल्या स्टेजच्या प्लेटचा १०० के बघा. कार्बन कंपोझिशनच्या रेझिस्टन्समध्ये डीसी वाहिला की तो सरसरतो. १ वॉटचा मेटल फिल्म लावा. वॉटेज उष्णतेसाठी नाही, व्होल्टेज सोसावं म्हणून. ग्रिड पिनवर ४७० ओहमचा स्टॉपर (ग्रिडच्या वाटेतला रेझिस्टन्स) नसेल तर तोही घाला, पाय अगदी पिनला लागून. मोबाइलची टकटक त्याने थांबते.

नौपाडा_आरआयएए

७८ साठी आरआयएए चुकीचा पडतो. जुन्या एचएमव्हीच्या तबकड्या कापताना वरचे सूर चढवलेले नसत, आणि खालचा उतार २५० ते ३०० हर्ट्झपासून सुरू होई. आरआयएए वर वाजवल्या की वरचं सगळं १०-१२ डेसिबलने कापलं जातं, आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात तबकडी झिजली. पुष्कळदा ती झिजलेली नसते.

तुमच्या सर्किटमध्ये हे एका दोन-पोल स्विचने चॅनेलमागे जमतं. एक पोल सी-२ ची जोडी सोडवतो. दुसरा आर-२ च्या सिरीजमध्ये १७ के आणतो (१५ के आणि २ के), म्हणजे आर-२ होतो ४३ के. ४३ के आणि १२.२ नॅनोफॅरडचे सुमारे ५२५ मायक्रोसेकंद, म्हणजे टर्नओव्हर (खालचा उतार सुरू होतो ती जागा) ३०० हर्ट्झ, त्यावर सपाट. उरलेल्या ७० पिकोफॅरडचा परिणाम ६० किलोहर्ट्झच्या पुढे, तो सोडून द्या. स्विच आरआयएए च्या भागांना लागून ठेवा, लांब वायरीची कपॅसिटी सी-२ मध्ये मिसळते. सी-२ च्या सोडलेल्या टोकाला चॅसिसकडे २.२ मेग लावला तर स्विच फिरवताना टक्कन वाजत नाही. तरी व्हॉल्यूम खाली करूनच फिरवा.

आपल्याकडे ७८ साठच्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे उशिराच्या तबकड्या दोन्ही जागी वाजवून बघा. झांज आणि शीळेसारखे वर्ण बोचू लागले तर तिला आरआयएए च लागू आहे.

सुई मात्र एलपीची चालणार नाही. ती खोबणीच्या तळाशी घासत जाते, आवाज खरखरतो आणि सुई जाते. ३ मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची, वेगळी सुई घ्या. तबकडी मोनो आहे, तेव्हा कार्ट्रिजचे दोन्ही चॅनेल समांतर जोडा: उभ्या हालचालीतून येणारी खरखर एकमेकींना कापते. मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या दोन कॉइल समांतर आल्या की इंडक्टन्स निम्मा होतो, लोड मात्र २३.५ के दिसतो, कारण ४७ के चे दोन्ही इनपुट समांतर झाले. तसाच राहू द्या, ७८ ला त्याने काही बिघडत नाही. चार वायरींचे गरम (सिग्नलचं) टोक गरमला, थंड (परतीचं) थंडला. एक कॉइल उलटी लागली तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि फक्त खरखर उरते, त्यावरून चूक लगेच कळते.